तिसऱ्या ओळीतले प्लम

"टोप्या आल्या," असे म्हणत दोब्रिनाबाईंनी खोका माझ्या टेबलावर आपटला. मातीच्या नमुन्यांच्या बाटल्या खडखडल्या.

"कसल्या टोप्या?"

"युरोपच्या. उघड आणि बघ."

खोक्यात निळ्या टोप्या होत्या. कपाळावर पिवळ्या चांदण्यांचे कडे आणि त्याखाली 'प्रुनेला' हे प्रकल्पाचे नाव. टोप्यांच्या खाली कापडी पिशव्या, पेने, पाण्याच्या बाटल्या आणि टेबलावर मोबाइल उभा करायचे प्लास्टिकचे स्टँड. एवढ्या कोऱ्या वस्तू आमच्या संस्थेत माझ्या डोळ्यांदेखत एकाच दिवशी कधी आल्या नव्हत्या.

"आणि फवारणीचं औषध?" मी विचारले.

"ते माझ्या वाट्यात बसत नाही, राद्को."

"कुंपणाची तार?"

"तीही नाही."

"मग तुमच्या वाट्यात बसतं तरी काय?"

बाईंनी एक टोपी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. "हे," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

गोर्नो स्लिवेवोच्या फळसंशोधन संस्थेत मी माती तपासतो. बाई प्लमवर काम करायच्या. बल्गेरियाच्या या डोंगराळ भागात प्लमवर काम करायचे म्हणजे शार्कावर काम करायचे. शार्का या शब्दाचा अर्थ देवी, माणसाच्या अंगावर यायच्या तशा. झाडाला शार्का लागली की पानांवर कडी उठतात, फळावर वण पडतात, आणि पिकण्याआधीच फळ गळून जाते. औषध नाही. झाड उपटून जाळायचे, एवढाच उपाय. आमच्या बापजाद्यांच्या बागाच्या बागा अशा जळून गेल्या.

बाई तरुण होत्या तेव्हा बसने, पायी, कधी दुधाच्या गाडीत बसून त्या खेडोपाडी हिंडल्या होत्या. ज्या गावात सगळे प्लम मेले तिथे एखादे म्हातारे झाड वण न उठता उभे आहे का, हे शोधत. सापडले की दार वाजवायचे, आजीबाईंच्या हातची कॉफी प्यायची, कलमासाठी चार डोळकाड्या मागून घ्यायच्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणायच्या. त्यांतून संस्थेच्या मागच्या उतारावर त्यांनी बाग उभी केली. बहुतेक झाडे शेवटी आजारी पडलीच. तिसरी ओळ पडली नाही. त्या ओळीतल्या झाडांना बाईंनी ज्या त्या घराची नावे दिली होती: पेनाआजीचे झाड, पाद्रीबाबाच्या अंगणातले, आंधळ्या कोस्ताचे. पेनाआजी केव्हाच वारली. तिचे घर एका इंग्रजाने सुट्टीसाठी घेतले आणि पोहण्याच्या हौदाला आड येते म्हणून ते झाड तोडले. आता पेनाआजीचे झाड जगात आमच्या तिसऱ्या ओळीतच उरले होते.

सरकार आम्हाला पगार देई. बागेला काही देत नसे. छाटणीला माणूस नाही, किडीवरच्या फवारणीला औषध नाही, आणि कुंपण पडले तर शेजारच्या शेळ्या आत. आमचे संचालक त्सोन्चेवसाहेब दर वसंतात त्या उताराकडे बघून म्हणायचे, "बाई, दक्षिणेकडं तोंड असलेली जमीन आहे. अशी फुकट किती दिवस ठेवायची?" बाईंना कळत होते. बाग टिकवायची तर पैसा बाहेरून आणायला हवा होता, आणि बाहेर म्हणजे युरोप.

त्यांनी सगळा उन्हाळा प्रस्ताव लिहिण्यात घालवला. तिसरी ओळ आजारी का पडत नाही, हे शोधायचे आणि ती बाग राखायची, असा साधा मुद्दा. पण अशा कामाला एकटे उभे राहता येत नाही. निरनिराळ्या देशांचे भागीदार लागतात आणि त्यांच्या डोक्यावर एक वजनदार संस्था लागते. बाईंनी हॉलंडच्या प्राध्यापक राइन्डर्टना लिहिले. त्यांनी लगेच होकार दिला. त्यांनाही पूर्वेकडचा एक भागीदार हवाच होता. त्याशिवाय आता निधी देणारे दारात उभे करत नाहीत. आधी नाव ठरले, 'प्रुनेला', मग त्या नावातल्या प्रत्येक अक्षराला शोभेल असा शब्द शोधण्यात दोन बैठका गेल्या. मसुदा डझनभर देशांत फिरत राहिला. प्रत्येक फेरीत बाईंचा वाटा थोडा थोडा सरकत गेला. प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा पेशींचा अभ्यास हॉलंडकडे होता, विषाणूचा फ्रान्सकडे, आकडेमोड डेन्मार्ककडे. आणि ज्यांच्या डोक्यातून हे निघाले त्या बाईंकडे होते प्रसार आणि प्रसिद्धी. संकेतस्थळ, पत्रके, टोप्या, जेवणावळी.

"तुम्ही विचारलं नाही?" मी म्हणालो.

"विचारलं ना. राइन्डर्ट म्हणाले, 'दोब्रिना, तुमची प्रयोगशाळा जुनी आहे, परीक्षकांच्या मनात शंका आली असती. आणि तुम्ही माणसांत किती छान मिसळता!'"

"मिसळता म्हणे. तुम्ही म्हणजे काय सॅलड आहात?"

"गप बस," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "पण राद्को, डोळकाड्या मी त्यांना पाठवल्या. तिसऱ्या ओळीतल्या सगळ्या झाडांच्या. पाठवायला नको होत्या का?"

न पाठवून चालणार नव्हते. करारावर सही त्सोन्चेवसाहेबांची होती.

त्या हिवाळ्यात बागेची छाटणी व्हायलाच हवी होती. एका वर्षीची राहून गेली होती, दुसरी राहिली तर फांद्या एकमेकींत घुसून झाडे आतून कुजली असती. बाईंच्या वाट्यात पत्रके छापायला भरपूर होते, छाटणीला छदाम नव्हता. एका दुपारी आम्ही कँटीनमध्ये बीन्सचे सूप पीत होतो. बाई नुसता चमचा फिरवत होत्या. त्यांना जरा हसवावे म्हणून मी म्हणालो, "बाई, छाटणीलाच प्रसिद्धी म्हणा की. नागरिकांसाठी कार्यशाळा. नागरिक येतील, छाटतील, जेवतील, टोपी घालून घरी जातील."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "त्रिफोनच्या दिवशी," त्या म्हणाल्या.

संत त्रिफोनचा दिवस फेब्रुवारीत येतो. त्या दिवशी आमच्याकडे द्राक्षवेली छाटतात, कापाच्या जागी वाइन ओततात आणि मग माणसांच्या घशात ओततात. जो सगळ्यांत जास्त पिऊन उभा राहील त्याला राजा करतात. दिवस द्राक्षांचा, पण आमच्या डोंगरात द्राक्षे कमी आणि प्लम जास्त. कोणाची काही हरकत नव्हती.

गावातले पेन्शनर आले. हातात आपापल्या कात्र्या, करवती, डोक्यावर युरोपच्या निळ्या टोप्या. आयुष्यभर फळबागेत राबलेली माणसे ती, त्यांना शिकवायचे काय? दुपारपर्यंत अर्धा उतार स्वच्छ झाला. मोठ्या हंड्यात कोबीच्या पानांत गुंडाळलेला सारमा शिजत होता. त्यांतले मीन्चोआबा पेनाआजीच्या झाडाला वाइन पाजून म्हणाले, "पी बाबा पी, युरोप देतोय."

"आबा, फोटोसाठी जरा शिकल्यासारखं करा ना," बाई म्हणाल्या.

"शिकल्यासारखं म्हणजे कसं?"

"तोंड उघडं ठेवा आणि माझ्याकडं बघा."

आबांनी तोंड उघडले, बाईंनी फांदीकडे बोट दाखवले, मी फोटो काढला. त्या दिवशी मी बाईंना मोठ्याने हसताना पाहिले. संध्याकाळी राजा म्हणून आबांनाच निवडले आणि त्यांच्या टोपीभोवती छाटलेल्या डहाळ्यांची माळ घातली. पुढच्या वर्षीही तसेच झाले. कार्यशाळेच्या 'प्रात्यक्षिकाचे साहित्य' म्हणून फवारणीचे औषधही आले, कुंपणाची तारही आली. बाग अशी तरारली की मला बाईंच्या हुशारीचा गर्व वाटू लागला. मी तिघाचौघांना सांगितलेदेखील, "कल्पना मूळची माझी."

प्रकल्पाच्या मध्यावर बाहेरून एक परीक्षक येतो. आमच्याकडे पोर्तुगालच्या एक प्राध्यापिका आल्या, गोड स्वभावाच्या, पायांत रानात चालायचे बूट. मी घाबरलो होतो. आता या बाई विचारणार, ही कार्यशाळा की मजुरी? त्यांनी तसे काहीच विचारले नाही. त्यांनी फोटो बघितले, त्या आबांशी दुभाष्यामार्फत बोलल्या, निळी टोपी घालून बागेत फिरल्या आणि त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी आले.

"विज्ञान आणि परंपरा यांचं असं मीलन मी कुठंच पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "संपूर्ण प्रकल्पात सर्वोत्तम काम तुमचं आहे, दोब्रिना."

बाईंचा चेहरा लाल झाला. मी माझ्या खोलीत जाऊन राकीया या प्लमच्या दारूची बाटली काढली.

महिनाभरात शिफारस आली. एवढा उत्तम उपक्रम एकाच देशात अडकून पडणे बरोबर नाही, म्हणून तो आता इतर भागीदारांनीही आपापल्या बागांत करावा आणि कार्यशाळांचा निधी त्यासाठी वळवावा. पुढच्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये त्रिफोनचा दिवस साजरा झाला. फ्रान्समध्येही झाला. कुठल्यातरी फ्रेंच बागेत धडधाकट विद्यार्थी निळ्या टोप्या घालून झाडाला वाइन पाजत असल्याचे फोटो बाईंनीच संकेतस्थळावर चढवले. ते त्यांचे कामच होते. आमच्या उतारावर त्या वर्षी कोणी आले नाही.

"आबांना बोलवा की नुसतं," मी म्हणालो. "जेवण आपण देऊ. पैशांचं काय एवढं."

"आबा अंथरुणाला खिळलेत. बाकीचे विचारतात, या वर्षी युरोप नाही का? नाही म्हटलं की म्हणतात, बघू." बाई खिडकीतून उताराकडे बघत होत्या. "मीच सवय लावली त्यांना. माझंच चुकलं."

त्यांचे काहीच चुकले नव्हते. पण ज्यांचे चुकले ते कधी असे म्हणत नाहीत, म्हणून मला फार राग आला.

मग त्सोन्चेवसाहेबांना संधी मिळाली. सोलर पॅनेल बसवायला निधी निघाला होता, तोही युरोपचाच, हिरव्या भविष्यासाठी. दक्षिणेकडे तोंड असलेली, सरकारी, मोकळी जमीन हवी होती. मोकळी नव्हती, पण ती करता येत होती.

बाई साहेबांकडे गेल्या. मी दाराबाहेर उभा होतो. ऐकू येत होते.

"साहेब, तिसरी ओळ तरी ठेवा. एकच ओळ. पॅनेलवर सावली पडणार नाही, मी खाली छाटून ठेवीन."

"बाई, मी काय राक्षस आहे? पण आराखडा सरळ रेषेत आहे. आणि तुमची झाडं सुरक्षित आहेत की हॉलंडात. तुमच्याच अहवालात लिहिलंय, 'वाणांचं जतन पूर्ण'. तुम्हीच छापलंय ते. रंगीत."

बाईंनी हॉलंडलाही लिहिले. राइन्डर्टचे उत्तर आले, फार सहृदय होते. त्यांना अतिशय वाईट वाटले, पण सुदैवाने सगळी सामग्री त्यांच्या काचघरात उत्तम वाढते आहे. सामग्री, हा त्यांचा शब्द. तिसऱ्या ओळीला त्यांच्याकडे नावांऐवजी आकडे दिले होते.

मार्चमध्ये यांत्रिक करवती आल्या. बाई रजा घेतील असे मला वाटले होते. त्यांनी घेतली नाही. त्या कामावर आल्या, गमबूट घातले आणि माणसांबरोबर ओळीच्या टोकाशी उभ्या राहिल्या. झाड पडले की त्याचे नाव घ्यायच्या. करवतवाल्यांना वाटले, म्हाताऱ्या बाईंचे डोके फिरले आहे. त्यांच्यातला एक मला हळूच म्हणाला, "काका, यांना आत घेऊन जा. आम्हाला पाप लागल्यागत होतंय." प्लमचे लाकूड मांस धुरावण्यासाठी चांगले. साहेबांनी ते संस्थेतल्या सगळ्यांच्या घरी पोचते केले. बाईंच्या दारातून गाडी भरलेलीच परत आली.

प्रकल्पाची अखेरची परिषद हॉलंडात झाली. बाई गेल्या, कारण बिल्ले, पिशव्या आणि चहापानाच्या वेळा हे त्यांच्याच वाट्यात होते. परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कुंडी होती. कुंडीत गुडघ्याएवढे रोप, त्याला एक चकचकीत बिल्ला लटकवलेला.

"प्रत्येक भागीदाराला एकेक दिलं," त्या म्हणाल्या. "आठवण म्हणून. शार्का न लागणारा नवा वाण. नोंदणी झाली. टाळ्या वाजल्या."

मी बिल्ला वाचला. वाणाचे नाव इंग्रजी होते, कुठल्याशा साबणाला शोभेल असे. खाली बारीक अक्षरांत: हक्क राखीव. यापासून कलम वा रोप तयार करण्यास मनाई.

"कुठलं आहे हे?"

बाईंनी एक पान उलटे करून मला दाखवले. पानाच्या मागे शिरेजवळ तांबूस लव होती, तिसऱ्या ओळीत एकाच झाडाला यायची तशी. "पेनाआजीचं," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडू लागल्या. "मी ओल्या फडक्यात आणलं होतं रे हे. म्हातारीनं मला कॉफी दिली होती. वर दोन अक्रोड दिले, वाटेत खा म्हणाली."

मी दार लावले. त्या जरा सावरल्यावर म्हणालो, "बाई, कलमासाठी एक डोळा काढून द्या. माझ्या भावाच्या परसातल्या झाडावर भरतो. हॉलंडहून कोण येतंय बघायला?"

"आणि भावानं शेजाऱ्याला दिलं तर? शेजाऱ्यानं बाजारात नेलं तर? साहेबांची सही आहे, राद्को. ज्या गावांनी मला फुकट दिलं, त्याच गावांना माझ्यापायी नोटिसा जाव्यात होय?"

त्यांना ते बाहेर, संस्थेच्या दाराशी मातीत लावायचे होते. साहेबांनी ऐकले नाही. भेट संस्थेला मिळालेली, बाईंना नव्हे. म्हणजे ती मालमत्ता झाली. आमच्याकडे प्रत्येक खुर्चीवर, दिव्यावर, थुंकदाणीवरसुद्धा रंगाने क्रमांक घातलेला असतो. तसा तो कुंडीवरही पडला. क्रमांक पडलेली वस्तू इमारतीबाहेर जात नाही. कुंडी पहिल्या मजल्यावर साहेबांच्या दालनाबाहेरच्या बंदिस्त व्हरांड्यात, चांदण्यांच्या झेंड्याखाली ठेवली. पाहुणे आले की साहेब हात करून म्हणत, "आमचं योगदान."

त्या व्हरांड्यात दोन भलेमोठे हीटर आहेत. नोव्हेंबर सरत आला तरी रोपाची पाने गळेनात. बाईंनी साहेबांना सांगितले, "प्लमला थंडी लागते, साहेब. हिवाळा मिळाला नाही तर हे वसंतात फुटणार नाही. मरेल."

"मग पाणी जास्त घाला," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी व्हरांड्याच्या टोकाची खिडकी उघडायला सुरुवात केली. कुंडी ढकलत तिथवर न्यायची आणि झडप सताड उघडी टाकायची. हिशेबखात्यातल्या बायका ओरडायच्या, कोणीतरी येऊन लावायचे, बाई पुन्हा उघडायच्या. साहेबांनी शिपायाला बजावले. तेव्हा बाईंनी आपली खुर्ची उचलून तिथे नेली आणि खिडकीला पाठ लावून बसल्या. त्यांना उठवायला कोणी धजेना. निवृत्तीला त्यांचे थोडेच दिवस राहिले होते, आणि आता त्यांच्याकडे काही कामही नव्हते.

जानेवारीत डोंगरावरून वारे सुटले. मी चहा घेऊन गेलो तेव्हा बाई खिडकीत ओव्हरकोट घालून, लोकरीची टोपी कानांवर ओढून बसल्या होत्या. मांडीवर घोंगडी. रोपाची पाने गळून गेली होती, नुसती काडी उरली होती.

"बाई, मरायचंय का? जरा वेळ लावा ती खिडकी."

"थंडी अजून पुरेशी झाली नाही," त्या म्हणाल्या. दात वाजत होते. "फेब्रुवारी जाऊ दे."

चहा त्यांनी दोन्ही हातांत धरला. बाहेर बर्फ पडू लागला होता आणि वाऱ्याबरोबर आत येत होता, कोटावर, घोंगडीवर, फरशीवर. बाईंनी कप खाली ठेवला, मांडीवर साठलेला बर्फ ओंजळीत गोळा केला आणि कुंडीत काडीच्या बुंध्याशी नेऊन हलकेच दाबला.